औषध दुकानाचे दफ्तर आणि गिऱ्हाइकाला द्यायची समज

आमच्या कापड बाजारात पेढीच्या कमाईतून मुलासाठी मेडिकल काढून देणारे बरेच आहेत. उधारी कमी, माल पडून राहत नाही, असा हिशेब मांडला जातो. पण कापडाच्या बिलात गफलत झाली तर नुकसान पैशाचे होते. औषधाच्या बिलात बॅच नंबर राहिला तर कोणाच्या तरी जिवाशी गाठ पडते. म्हणून ज्यांच्या घरात असे दुकान आहे किंवा निघणार आहे, त्या बांधवांसाठी कायद्यातल्या मोजक्या गोष्टी आम्ही येथे देत आहोत.

पाया आहे १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे १९४५ चे नियम. किरकोळ दुकानदाराने काय करायचे ते नियम ६५ मध्ये आले आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध दिले की त्याच वेळी नोंद व्हायला हवी. अनुक्रमांक, तारीख, डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव-पत्ता, औषधाचे नाव व मात्रा, ठरावीक वर्गांच्या औषधांसाठी बॅच नंबर व मुदत, आणि शेवटी फार्मसिस्टची सही. औषध कंपनीच्या मूळ पॅकिंगमधूनच दिले असेल, तर वेगळ्या रजिस्टरऐवजी बिलबुकातली नोंद चालते. खरेदीची बिलेही क्रमाने लावून ठेवावी लागतात. विकणाऱ्याचा परवाना क्रमांक त्यावर पाहिजे. बिलाशिवाय स्वस्तात आलेला माल आमच्या धंद्यात फार तर कराच्या भानगडीत नेतो. येथे तो माल नकली आहे की असली, हेच सांगता येत नाही.

बॅच नंबरचे महत्त्व ज्यांना पटत नाही त्यांनी दोन प्रसंग आठवावेत. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, तेच विष खोकल्याच्या सिरपमध्ये सापडले. मध्य प्रदेशात, मुख्यतः छिंदवाडा जिल्ह्यात, वीसहून अधिक मुले गेली. ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही कोल्ड्रिफ सिरपच्या एसआर-१३ या बॅचची विक्री व वापर थांबवण्याचा इशारा दिला. अशा वेळी ज्याच्या बिलावर बॅच आणि पत्ता आहे, तो दुकानदार त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या घरी माणूस पाठवू शकतो. ज्याच्याकडे नाही, तो फक्त कपाटातल्या बाटल्या मोजतो. आता बिले संगणकावर निघतात, पण पोरगा पडद्यावरची पहिली बॅच दाबून मोकळा होतो. हातातल्या पाकिटावरची बॅच आणि बिलावरची बॅच जुळते का, हे मालकाने मधूनमधून स्वतः पाहावे.

काही औषधांना आणखी कडक नियम आहे. २०१३ च्या अधिसूचनेने शेड्यूल एच-१ ही यादी आली आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाली. जोरदार अँटिबायोटिक्स, टीबीची औषधे, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या तिच्यात आहेत. त्यांचे रजिस्टर वेगळे, आणि ते तीन वर्षे जपायचे. इतर रजिस्टरे शेवटच्या नोंदीपासून निदान दोन वर्षे. यंत्रमागाच्या गावांत टीबी नवी नाही, आणि अर्धवट औषध घेतल्याने पुढे औषधच लागू पडेनासे होते. २०१८ पासून टीबीच्या रुग्णाची माहिती सरकारला कळवणे केमिस्टवरही बंधनकारक झाले आहे.

डॉक्टरांनी पुन्हा द्यावे असे लिहिले नसेल, तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचे. ‘हे नाही, पण तेच आहे’ म्हणत चिठ्ठीतल्या औषधाऐवजी दुसऱ्या कंपनीचे हातात ठेवणेही नियमात बसत नाही.

आता समज देण्याविषयी. २०१५ मध्ये फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स काढली. त्यांत म्हटले आहे की फार्मसिस्टने स्वतःहून रुग्णाशी किंवा त्याच्या माणसाशी बोलायला सुरुवात करावी. औषध कशासाठी, किती, किती दिवस, त्रास काय होऊ शकतो, ठेवायचे कुठे, एक वेळ चुकली तर काय करायचे, एवढे सांगायचे. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने बोलण्याची तयारी दाखवणे पुरेसे धरले. आपल्याकडचा शब्द त्याहून पुढचा आहे. प्रत्यक्षात मात्र पाकिटावर दोन रेघा ओढल्या की काम झाले असे समजतात.

आमच्या वस्तीत गिऱ्हाईक पुष्कळदा मराठी वाचत नाही, कधी उर्दूही नाही. त्याला तोंडी सांगून त्याच्याकडून परत वदवून घ्यावे. इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवायचे, पण बर्फाच्या कप्प्यात नाही, हे वाक्य किती दुकानांत बोलले जाते? रमजानमध्ये तर मधुमेहाचे रुग्ण गोळ्यांच्या वेळा आपल्याच मनाने सहेरी-इफ्तारवर नेतात. साखर एकदम उतरली तर माणूस बेशुद्ध पडतो. तेव्हा रोजे ठेवणार का, हे महिनाभर आधी विचारावे आणि डॉक्टरांकडे पाठवावे. मात्रा ठरवणे फार्मसिस्टचे काम नाही.

याच रेग्युलेशन्सप्रमाणे फार्मसिस्टने रुग्णाच्या नोंदी पाच वर्षे ठेवायच्या आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या. आमचा सल्ला, सगळेच दफ्तर पाच वर्षे ठेवावे. वेगवेगळ्या मुदती लक्षात ठेवण्याची कटकट वाचते.

या साऱ्याचा गाडा फार्मसिस्टवर चालतो, आणि गैरप्रकार आहे तोही तिथेच. दरमहा ठरावीक रक्कम देऊन कोणाचे तरी सर्टिफिकेट भिंतीवर टांगायचे, गल्ल्यावर मात्र आपला भाचा बसवायचा. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मसिस्टनेच द्यायचे, हे १९४८ च्या फार्मसी कायद्याचे कलम ४२ सांगते. मोडल्यास शिक्षा आहे, दुकानाचा परवानाही निलंबित किंवा रद्द होतो. सर्टिफिकेट भाड्याने देणारा सुटत नाही आणि भांडवल घालणाराही नाही. तेव्हा जागा आणि फर्निचर यांच्या खर्चाबरोबरच पूर्ण वेळ हजर राहणाऱ्या फार्मसिस्टचा पगार पहिल्या महिन्यापासून खर्चात धरावा. तो परवडत नसेल तर घरातल्या मुलाला किंवा मुलीला आधी डी. फार्म. करू द्यावे आणि नोंदणी हातात आल्यावरच परवान्याचा अर्ज भरावा.