खडीखालचे कापड

मुलांनो, काळ्या मातीतून जाणारा खडीचा कच्चा रस्ता तुम्ही पाहिला असेल. उन्हाळ्यात तो टणक असतो. पाऊस पडला, की काळी माती पाणी पिऊन फुगते व मऊ होते. गाड्यांच्या ओझ्याने खडी खाली रुतते, चिखल वर येतो आणि खोल चाकोऱ्या पडतात. मग गावात एस.टी. येत नाही. आजारी माणसाला दवाखान्यात नेणे कठीण होते. दरवर्षी नवी खडी टाकली, तरी तीही जमिनीत जाते.

ही अडचण जुनी आहे. इंग्लंडमध्ये चॅट मॉस नावाची दलदल आहे. तेथून रेल्वे न्यायची होती. पण दलदल सगळा भराव गिळून टाकी. तेव्हा जॉर्ज स्टीफन्सन यांनी फांद्यांच्या विणलेल्या ताट्या अंथरल्या व त्यांवर भराव घातला. १८३० मध्ये तेथून गाडी धावू लागली. पुढे १९२६ मध्ये अमेरिकेतील साऊथ कॅरोलिना राज्यात रस्त्यात सुती कापड घालून पाहिले. पण सूत मातीत कुजते. म्हणून आता बहुधा प्लॅस्टिकच्या धाग्यांचे कापड वापरतात. त्याला जिओटेक्स्टाइल म्हणतात. जाळी असेल, तर तिला जिओग्रिड म्हणतात.

माती व खडी यांच्यामध्ये अंथरलेले हे कापड तीन कामे करते. ते दोन्ही थर वेगळे ठेवते. गाळणीप्रमाणे ते पाणी जाऊ देते, माती अडवते. तिसरे काम बाजेसारखे आहे. बाजेवर बसले, की सुतळी ताणली जाते आणि आपल्याला पेलते. तसेच कापड ताणले जाऊन चाकाचे ओझे पसरवते. त्यामुळे खडीही कमी लागते.

मात्र काळजी घ्यावी लागते. उन्हाने धागे कमजोर होतात. म्हणून कापड लवकर झाकावे. उघड्या कापडावरून गाडी नेऊ नये. कडेला चर खणून पाण्याला वाट द्यावी. पाणी साचले, तर चांगले कापडही रस्ता वाचवू शकत नाही.

शब्दार्थ
चाकोरी – चाकांमुळे पडलेली खोलगट वाट
भराव – खोल जागी टाकलेली माती, दगड
बाज – सुतळीने विणलेली खाट
चर – पाणी जाण्यासाठी खणलेला लांब खड्डा

स्वाध्याय
१. पावसाळ्यात खडी मातीत का रुतते?
२. कापडाची तीन कामे लिहा.
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : मऊ, खोल, जुना.