दुसऱ्या राऊंडला स्वतःशी काय बोलशील?

चि. सोनूस,


ताईकडून कळलं की गोळाफेक तुला जमू लागलीय, 100 मीटरही बरं पळतेस, पण 800 चं टायमिंग काही बसत नाही. "माझ्याच्यानं होणार नाही असं एकदा डोक्यात आलं, की पाय उचलतच नाहीत," असं तू तिला म्हणालीस म्हणे. माझी सगळी नोकरी शाळेत पीटी शिकवण्यात गेली. हे वाक्य मी मैदानावर इतक्या पोरांच्या तोंडून ऐकलंय, की त्यावर दोन शब्द लिहावेसे वाटले.

आधी हा विचार नेमका कुठं येतो ते बघ. सुरुवातीला कधीच येत नाही. शिट्टी वाजली की सगळ्या पोरी 100 मीटरला सुटल्यासारख्या सुटतात, शेजारची पुढं गेली की आपणही जोर लावतो. पोलीस भरतीत 800 ला पूर्ण 20 गुण हवेत तर 2 मिनिटं 50 सेकंदांच्या आत यावं लागतं, म्हणजे 400 मीटरच्या एका राऊंडला 85 सेकंद. तू पहिला राऊंड 75 मध्ये मारत असशील, तर ती दहा सेकंदांची उसनवारी आहे आणि दुसऱ्या राऊंडच्या पहिल्याच वळणावर शरीर ती व्याजासकट मागतं. धाप वाढते, मांड्या भरून येतात आणि नेमकं तेव्हाच मन बोलायला लागतं. तेव्हा अर्धं औषध मनाला नव्हे, वेगाला लागणार आहे. पहिले 200 मीटर 42 सेकंदांच्या आत पळायचेच नाहीत, असं ठरव. पुढं गेलेल्यांना जाऊ दे.

उरलेलं अर्धं मात्र मनाचं आहे. धावताना मन दोन तऱ्हेचं बोलतं, ते वेगवेगळं करायला शीक. 'दम लागलाय', 'पाय जड झालेत' ही खबर झाली. ती खरी असते आणि शेजारून पळणाऱ्या प्रत्येकीकडे तीच असते. 'माझ्याच्यानं होणार नाही', 'मी धावणाऱ्यातली नाहीच' हा निकाल झाला, आणि शर्यत संपायच्या आत निकाल लावायचा अधिकार मनाला कुणी दिलेला नाही. खबर ऐकून घे. निकाल मनावर घेऊ नकोस.

पण हा आवाज बंद पाडायच्या भानगडीत पडू नकोस. 'असा विचार करायचा नाही' म्हणत राहिलं की तोच विचार जास्त येतो. धापा टाकत असताना त्याच्याशी वादही घालता येत नाही. म्हणून उत्तर आधीच तयार हवं. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2014 साली 24 जणांवर सायकलचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातल्या निम्म्यांनी स्वतःला सांगायची छोटी वाक्यं आपली आपण निवडली आणि दोन आठवडे व्यायाम करताना ती वापरली. पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा थकून थांबेपर्यंतचा त्यांचा वेळ सरासरी 18 टक्क्यांनी वाढला होता. बाकीच्या निम्म्यांचा वाढला नाही. वाक्यं वापरणाऱ्यांना तेवढीच मेहनत कमी जड वाटली. म्हणजे अंगात ताकद शिल्लक असतानाच आपण थांबतो.

वाक्यं निवडताना स्वतःला 'तू' म्हण. सायकलच्याच दुसऱ्या एका प्रयोगात 'मी' पेक्षा 'तू' म्हणून बोलल्यावर तीच माणसं 10 किलोमीटर अंतर जरा लवकर कापू शकली. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. रामदासांनी 205 श्लोक लिहिले ते मनाला समोर बसवूनच. 'मी' म्हटलं की आपण त्या दमण्यात बुडालेलो असतो. 'तू' म्हटलं की सांगणारी जरा बाजूला उभी राहते.

'मी नंबर काढणारच' असलं काही निवडू नकोस. सहाशे मीटरला मन त्यावर विश्वास ठेवत नाही. त्या क्षणी अंगाला करता येईल असं काम सांग. सुटताना 'घाई नको'. पहिला राऊंड संपताना 'खांदे सैल सोड'. सगळ्यात वाईट तो तिसरा तुकडा, 400 ते 600. तिथं 'वळणापर्यंतच जा', आणि वळण आलं की पुढचं वळण. शेवटच्या दीडशेला 'हात मार'. ही माझी झाली, तू तुझी कर. मात्र ती सरावातच बसली पाहिजेत. 200 मीटरचे तुकडे पळतेस ना, त्यातल्या शेवटच्या, जिवावर येणाऱ्या तुकड्याला मुद्दाम वापर. भरतीच्या ग्राउंडच्या दिवशी पहिल्यांदा काढलेलं वाक्य ऐन वेळी सापडत नाही.

एक गोष्ट मात्र कडक सांगतो. छातीत दुखणं, चक्कर, डोळ्यांपुढं अंधारी, नडगीच्या हाडात एका जागी बोट ठेवलं की कळ येणं, याला मनाचे खेळ समजू नकोस. तिथं थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा. भरतीच्या मैदानावर तरुण पोरं कोसळल्याच्या बातम्या तूही वाचल्यास. रात्रभर जागून, उपाशीपोटी पळायला जाऊ नकोस.

घरी आल्यावर 'आजपण गेलं' असं आईला सांगत बसू नकोस. वहीत वेळ लिही आणि उद्या बदलायची एकच गोष्ट लिही. अकॅडमीतल्या दुसऱ्या पोरींचं टायमिंग त्या वहीत येता कामा नये.

येत्या रविवारी कुणाच्या तरी हाती स्टॉपवॉच दे, दर 200 मीटरला वेळ टिपायला सांग आणि ते चारही आकडे मला कळव. एकूण वेळ नंतर बघू. मला आधी तिसरा आकडा हवा आहे.

तुझा,
मामा