खेळाचा नियम आणि खेळाचें मोल

मनुष्यास खेळाची आवड उपजतच असते. नीट बोलावयास येण्यापूर्वींच मूल खेळूं लागतें; आणि शाळेच्या मधल्या सुटीची घंटा झाली कीं, कोणीं न सांगतां पोरांचे थवे मैदानाकडे धांवतात. असें असूनहि खेळाविषयीं वडील माणसांचें मत फारसें अनुकूल नसतें. परीक्षा जवळ आली कीं प्रथम बंद होतो तो खेळ. खेळाची तरफदारी करणारेहि बहुधा एवढेंच म्हणतात कीं, खेळानें शरीर सुदृढ होतें व अभ्यासास हुशारी येते. हें खरें आहे. परंतु शरीर तर विहिरीचें पाणी शेंदल्यानें आणि लाकडें फोडल्यानेंहि सुदृढ होतें. मग या कामांत नाहीं असें खेळांत काय आहे? प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

मुंगी आणि नाकतोडा यांची इसापाची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. उद्योगी मुंगीची स्तुति व खेळकर नाकतोड्याची निंदा हें तिचें तात्पर्य. कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठांत तत्त्वज्ञान शिकविणारे बर्नार्ड सूट्स यांनीं १९७८ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला व त्यांत याच नाकतोड्यास नायक करून खेळाची बाजू मांडली. त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ असा कीं, कामांत आपण सर्वांत सोपा मार्ग शोधतों, आणि खेळांत तोच मार्ग जाणूनबुजून वर्ज्य करतों. आपल्या लंगडीचेंच उदाहरण घ्या. दोन्ही पाय धडधाकट असतां एक पाय दुमडून दुसऱ्यांचा पाठलाग करावा, हा व्यवहाराच्या दृष्टीनें निव्वळ वेडेपणा होय. पण दुसरा पाय टेंकावयास मुभा दिली कीं, पकडणें सोपें होतें आणि लंगडी मात्र संपते. म्हणजे नियम हा खेळाचा शत्रु नसून त्याचा प्राण आहे. आणि तो कोणीं लादलेला नसतो, तर खेळणाऱ्यानें आपखुषीनें पत्करलेला असतो. शिस्त म्हटली कीं तोंड वांकडें करणारा मुलगाहि मैदानावर स्वतःला स्वतःच बांधून घेतो!

या आत्मबंधनाची खरी कसोटी पाहावयाची असेल तर हुतूतूकडे पाहावें. मधली रेषा ओलांडून प्रतिपक्षाच्या अंगणांत शिरलेल्या गड्यानें एकाच दमांत उच्चार चालू ठेवावयाचा असतो. तेथें दम तुटला कीं तो बाद. हाच खेळ आज कबड्डी या नांवानें देशोदेशीं गेला आहे. १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनीं त्याचें प्रात्यक्षिक दाखविलें, आणि १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्यास पदकाच्या खेळांत स्थान मिळालें. अशा स्पर्धांत पंच असतात, घड्याळ असतें. गल्लींतल्या हुतूतूंत यांपैकीं कांहींच नसतें. तेथें दम नेमका कोठें तुटला हें सर्वांआधीं ज्याचें त्यालाच कळतें. त्या क्षणीं आरोपी तोच, साक्षीदार तोच आणि न्यायाधीशहि तोच. जो मुलगा न विचारतां "दम तुटला" म्हणून बाजूस होतो, त्यास सत्य बोलण्याचा एक धडा असा मिळतो कीं, तसा धडा पुस्तकांत क्वचितच सांपडेल. जो रडी खेळतो त्याला पुढच्या डावांत कोणी भिडू म्हणून घेत नाहीं. हरलेल्यास मुलें सहज क्षमा करतात. रडी खेळणाऱ्यास करीत नाहींत.

परंतु मुलांचा हा न्याय कठोरच असतो असें नव्हे. आपल्याकडे लहानग्या भावंडास लिंबूटिंबू म्हणून डावांत घेतात. तो धांवतो, ओरडतो, सर्वांबरोबर हंसतो. मात्र त्याच्यावर राज्य येत नाहीं. दुबळ्यास वगळावयाचें नाहीं आणि खेळहि मोडावयाचा नाहीं, या दोहोंची सांगड घालणारी ही युक्ति मुलांस कोणा शिक्षकानें शिकविलेली नसते. न्याय आणि दया एकत्र नांदूं शकतात हें तीं खेळतां खेळतांच शिकतात.

येथपर्यंत खेळाची स्तुति झाली. पण खेळानें चारित्र्य आपोआप घडतें असें मात्र समजूं नये. हॉलंडमधील लायडन विद्यापीठाचे इतिहासाचे अध्यापक योहान हायझिंगा यांनीं १९३८ सालीं 'होमो लुडेन्स', म्हणजे 'खेळणारा मानव', हा ग्रंथ लिहिला. नित्याच्या व्यवहारापासून अलग केलेल्या जागेंत आणि ठराविक काळांत खेळ चालतो, व त्या मर्यादेच्या आंत त्याची स्वतंत्र व्यवस्था असते, असें त्यांनीं दाखविलें. आतां प्रश्न असा कीं, चुन्याच्या रेषेच्या आंत आपण जी समता पाळतों, ती रेषेबाहेर पाऊल पडतांच कोठें जाते?

या प्रश्नाचें उत्तर पळवणकर बाळू यांच्या चरित्रांत सांपडतें. यांचा जन्म चर्मकार समाजांत झाला. पुण्यास गोऱ्या लोकांच्या क्लबांत खेळपट्टी तयार करण्याची चाकरी करतां करतां ते सरावाकरितां साहेबांस चेंडू टाकूं लागले, आणि त्यांतून अव्वल दर्जाचे डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. पुढें युरोपियनांवर विजय मिळविण्यासाठीं हिंदूंच्या संघास त्यांची गरज भासली व त्यांना संघांत घेण्यांत आलें. मैदानावर सर्वजण एकाच चेंडूस हात लावीत. परंतु चहाच्या वेळीं बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या निराळ्या पेल्यांत चहा दिला जाई! १९११ सालीं इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघांतून खेळतांना त्यांनीं शंभरांहून अधिक गडी बाद केले. तरीहि हिंदूंच्या संघाचें कर्णधारपद त्यांच्याकडे सोंपविण्यांत आलें नाहीं. अखेर १९२३ सालीं त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना तें पद मिळालें. चेंडूनें कोणाचीहि जात विचारली नव्हती. विचारली ती माणसांनीं. खेळानें आपलें काम चोख केलें होतें. कमी पडले ते खेळणारे व पाहणारे. कारण मैदानावरचा धडा रेषेच्या बाहेर नेण्याचें धैर्य त्यांच्यापाशीं नव्हतें.

विद्यार्थिमित्रहो, खेळाचें मोल ढालींत व पेल्यांत नाहीं. परीक्षेच्या दालनांत पर्यवेक्षकाची पाठ वळली असतां लेखणी जागच्या जागीं राहते काय? दुकानदारानें चुकून अधिक दिलेले पैसे आपण परत करतों काय? वर्गांतील ज्या मुलाच्या शेजारीं कोणी बसत नाहीं, त्याच्या शेजारीं आपण बसतों काय? "दम तुटला" असें प्रामाणिकपणें म्हणणारा मुलगा येथेंहि तसाच वागला, तरच तो खेळला असें म्हणावें. एरवीं तो नुसता धांवला.

पालकवर्गासहि एक विनंति आहे. संयुक्त राष्ट्रसंघानें १९८९ सालीं मान्य केलेल्या बालहक्कांच्या करारांत, ३१व्या कलमान्वयें, विसावा व खेळ हा प्रत्येक मुलाचा हक्क म्हणून नमूद आहे, आणि भारतानें १९९२ सालीं तो करार स्वीकारला. तेव्हां खेळाचा तास ही मुलांवर केलेली मेहेरबानी नव्हे. हा हक्क मुलींचाहि तितकाच आहे. संध्याकाळीं मुलगा मैदानावर आणि मुलगी धाकट्या भावंडास कडेवर घेऊन दारांत, हें दृश्य जेथें असेल तेथें तें बदलावयास हवें. तसेंच, मूल खेळून घरीं आलें म्हणजे "जिंकलास का?" एवढेंच विचारूं नये. "कोणाकोणाबरोबर खेळलास? कसा खेळलास?" हेंहि विचारावें. आपण जें विचारतों तेंच महत्त्वाचें, असें मुलें धरून चालतात.

मुंगीनें धान्य सांठवावें, यांत वाद नाहीं. पण वारुळांतील दाणा आपण होऊन दुसऱ्यास द्यावा, पडलेल्यास हात द्यावा आणि स्वतःची चूक स्वतःच्या तोंडानें सांगावी, हें शिकावयाचें तर लहानपणीं चार घटका मैदानावर घालवाव्या लागतात. तेथें शिकलेलें मात्र तेथेंच टाकून येऊं नये.