उन्हाचा घरगुती लेप

खोबरेल तेलात झिंक ऑक्साइडची पांढरी पूड घोटून उन्हासाठी घरीच लेप करण्याची टूम अलीकडे निघाली आहे. ही पूड सूर्याचे अतिनील किरण अडविते, हे खरे. परंतु घरच्या खलात तिचे कण सारखे पसरत नाहीत, गुठळ्या होतात, आणि मधल्या विरळ जागी त्वचा होरपळते. डोळ्यांस मात्र लेप अखंड दिसतो. धोका आहे तो येथेच! नुसते तेल तर किरण फारच थोडे अडविते. लिंबाचा रस लावून उन्हात जाणे त्याहून वाईट. त्याने फोड येऊन काळे डाग राहतात. आजीबाईंचा डोक्यावरून घेतलेला पदर याहून खात्रीचा. पालकांनी मुलांस भर दुपारी सावलीत ठेवावे. जावेच लागल्यास रुंद काठाची टोपी व लांब बाह्यांचा, दाट विणीचा सदरा द्यावा. लेप हवाच असल्यास परीक्षा झालेला विकतचा घ्यावा, आणि दर २ तासांनी पुन्हा लावावा.