गच्चीवरचं ऊन, छताखालचा खर्च

मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी रात्री नऊला स्टुलावर चढून छताला तळहात लावून पाहावा. सूर्य कधीच मावळलेला असतो, पण दिवसभर प्यायलेलं ऊन स्लॅब अजून खोलीत ओकत असतो आणि पंखा तीच धग खाली ढकलतो. यावर बहुतेक घरांत सुचवला जाणारा उपाय म्हणजे पीओपीचं फॉल सीलिंग आणि त्यावर ग्लासवूल. खोली थोडी निवते, नाही असं नाही. पण स्लॅब तापायचा तो तापतोच, रोज फुगतो नि आकसतो. त्याला चिरा पडल्या की पावसाळ्यात पाणी मुरतं, आणि भिजलेलं ग्लासवूल म्हणजे ओली गोधडी. म्हणून माझं मत पक्कं आहे: ऊन अडवायचं ते स्लॅबच्या डोक्यावर, पोटाखाली नव्हे.

काँक्रीट जाड दिसतं म्हणून उष्णता रोखत असेल, हा आपला भ्रम. पाच इंची स्लॅब जेवढी उष्णता अडवतो, तेवढी जेमतेम तीन मिलिमीटर थर्माकोल अडवतो. केंद्र सरकारच्या २०१८च्या इको-निवास संहितेने छतातून झिरपणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला, दर अंशामागे १.२ वॅटची मर्यादा घातली आहे. उघडा स्लॅब जवळपास तिप्पट उष्णता आत सोडतो. इंचभर एक्सपीएस बोर्ड (थर्माकोलचाच दाट प्रकार) त्याला मर्यादेच्या आत आणतो. ‘आमच्याकडे कोबा आहे की!’ असं कुणी म्हणेल. कोबा उतारासाठी आणि पाण्यासाठी असतो. त्यातली वीट काँक्रीटपेक्षा बरी, पण थर्माकोलच्या पासंगालाही पुरत नाही, आणि स्लॅबवर वजन चढतं ते वेगळंच.

पांढरा रंग स्वस्त आहे, मग बोर्ड कशाला, हा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. हात आखडता असेल तर रंगच आधी लावावा, चुनाही चालतो. फक्त धूळ बसली की तो मळतो आणि ऊन परतवेनासा होतो, तेव्हा धुणं आणि पुन्हा लावणं आलंच. दुसरा आक्षेपही खरा: वरून झाकलेलं घर रात्री छतातून निवत नाही. त्यासाठी संध्याकाळनंतर खिडक्या उघडायला हव्यात. ते जमणार नसेल, तर आत साठलेली उष्णता तिथेच कोंडते.

चकचकीत फॉइलबाबत सावध राहा. पत्र्याखाली हवेची पोकळी ठेवून लावलं तर ते उत्तम, पण फरशीखाली सिमेंटात गाडलं की त्याची चमक वाया जाते. बोर्डाआधी वॉटरप्रूफिंग, बोर्डावर उताराचा थर आणि चायना मोझॅक, हा क्रम ठेकेदाराकडून कोटेशनमध्ये लिहून घ्या. बोर्डाची जाडी आणि घनताही. नुसतं ‘हीटप्रूफिंग’ लिहिलेला कागद परत करा.