रबराचे डोंगर

चीन देशाच्या दक्षिण टोकाला, लाओस व म्यानमार यांच्या सीमेस लागून, शिश्वांगबान्ना नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. येथील खोऱ्यांत दाइ लोक भातशेती करीत, तर डोंगरउतारांवर हानी लोकांची वस्ती असे. हे डोंगरी लोक रानाचा एखादा तुकडा तोडून जाळीत, त्या राखेत भात पेरीत आणि पुढे ती जमीन पड टाकून दुसरीकडे वळत. परक्यांना ही शेती अडाणीपणाची वाटे. पण पड म्हणजे ओसाड नव्हे! काही वर्षांत तेथे पुन्हा रान माजे, आणि त्यातून सरपण, बांबू व औषधी मुळ्या मिळत.

रबराचे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातले. त्याला थंडी सोसत नाही. म्हणून विषुववृत्तापासून इतक्या दूर ते तग धरणार नाही, असा समज होता. तथापि १९५० नंतरच्या दशकात चीन सरकारने येथे रबराचे मळे काढले आणि झाडे जगली. १९८० नंतर शेतकरीही आपापल्या उतारांवर रबर लावू लागले. झाडाला चीक येण्यास सुमारे सात वर्षे लागतात. उन्हात चिकाची धार लवकर आटते. म्हणून शेतकरी पहाटेच्या अंधारात, कपाळाला दिवा बांधून निघतो. धारदार सुरीने तो सालीवर तिरकी खाच पाडतो, आणि दुधासारखा पांढरा चीक थेंबाथेंबाने वाडग्यात उतरतो.

या चिकाने पैसा आणला. लाकडी घरांच्या जागी पक्की घरे उभी राहिली. ते पाहून सीमेपलीकडे लाओसमधील गावांनीही रबर लावले. त्यांना दोष कोणी द्यावा?

पण डोंगर पालटला. रबराला ऐन कोरड्या दिवसांत, पाऊस येण्यापूर्वीच, नवी पालवी फुटते आणि त्याची मुळे खोलवरचे पाणी ओढून घेतात. उन्हाळ्यात ओढे आटू लागल्याची तक्रार गावकरी करू लागले. त्यातच २०११ नंतर रबराचा भाव कोसळला. भाव ठरतो दूरच्या बाजारात. आणि चीक काही शिजवून खाता येत नाही. पूर्वी एक पीक बुडाले, तर रान हाताशी असे.

याच प्रदेशातील मेंगलुन येथे १९५९ मध्ये स्थापन झालेले एक वनस्पतिउद्यान आहे. तेथील शास्त्रज्ञांनी रबराच्या ओळींमध्ये चहाची झुडपे लावून पाहिली आहेत. दोन्ही झाडे एकाच उतारावर नांदतात, आणि झुडपांखालची माती पावसात सहसा वाहून जात नाही.