उच्च शिक्षणाची परिभाषा : बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेच्या आधारे एक परिचय

विद्यापीठात प्रवेश मिळणे ही एक गोष्ट आहे आणि विद्यापीठाचा व्यवहार समजणे ही दुसरी. ज्या घरांत दोन-तीन पिढ्या महाविद्यालयात गेल्या आहेत, त्या घरांतील मुलांच्या कानांवर ‘कोर्सवर्क’, ‘गाईड’, ‘फेलोशिप’, ‘व्हायवा’ हे शब्द जेवताना-बोलतानाच पडतात. आपल्यासारख्या निवासी शाळांतून बाहेर पडणारी मुले मात्र बहुधा आपल्या घरातील पहिलीच पदवीधर असतात. त्यांना हे शब्द विचारायला घरात कोणी नसते, आणि विभागात विचारायला संकोच वाटतो. या संकोचापायी अर्जाची मुदत टळते, हक्काची छात्रवृत्ती हुकते, आणि कधी कधी चांगल्या बुद्धीचा विद्यार्थी अर्ध्या वाटेवरून परततो. म्हणून या परिभाषेचा परिचय येथे करून देत आहे. त्यासाठी आधार घेतला आहे तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिजीवनाचा, कारण यातील बहुतेक शब्द त्यांच्या आयुष्यात प्रत्यक्ष घडून गेले आहेत.

पदवी आणि पदव्युत्तर

बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम. या पहिल्या पदव्या होत. त्यापुढील एम.ए., एम.एस्सी. इत्यादी अभ्यास म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, आणि त्यापुढे पीएच.डी. म्हणजे विद्यावाचस्पती ही संशोधनाची पदवी. पूर्वी या दोहोंमध्ये एम.फिल. असे; विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने ती बंद केली. अमेरिकेच्या संदर्भात एक घोटाळा हमखास होतो. आपण ‘ग्रॅज्युएट’ म्हणतो तो बी.ए. झालेला मनुष्य, तेथे ‘ग्रॅज्युएट स्कूल’ म्हणजे बी.ए.नंतरचे, आपल्या भाषेत पदव्युत्तर, शिक्षण.

बाबासाहेब मुंबईत बी.ए. होऊन १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले ते याच अर्थाने. तेथे १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. केले. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या मिळवल्या. त्यांची एम.एस्सी. आणि डी.एस्सी. अर्थशास्त्रातील होती, प्रयोगशाळेतील विज्ञानाची नव्हे, हेही विद्यार्थ्यांना सांगावे लागते.

कोर्सवर्क, श्रेयांक आणि सेमिनार

संशोधन म्हणजे एकदम ग्रंथ लिहायला बसणे नव्हे. आधी विषयाची आणि संशोधनपद्धतीची तयारी करावी लागते. तिला कोर्सवर्क म्हणतात. आपल्याकडे पीएच.डी.साठी किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क पूर्ण करावे लागते. श्रेयांक म्हणजे क्रेडिट, अर्थात अभ्यासाच्या तासांचे माप. बाबासाहेबांनी कोलंबियात अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम घेतले. शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्रही. पदवी अर्थशास्त्राची असली तरी पाया इतका रुंद होता.

सेमिनार म्हणजे परिसंवाद. येथे शिक्षक शिकवत नाही. विद्यार्थी निबंध वाचतो आणि इतर त्यावर प्रश्न विचारतात. डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये मे १९१६ मध्ये बाबासाहेबांनी जो निबंध वाचला, तो भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवरचा होय. आज जगभर वाचले जाणारे ते लेखन मुळात एका विद्यार्थ्याने वर्गात वाचलेला निबंध होता. तेव्हा ‘सेमिनारला नाही गेलो तरी चालते’ असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मार्गदर्शक आणि समिती

आपल्याकडे ‘गाईड’ म्हटले की दुकानात मिळणारे उत्तरांचे पुस्तक आठवते. विद्यापीठातील गाईड म्हणजे संशोधन मार्गदर्शक. तो उत्तरे देत नाही, प्रश्न नीट विचारायला शिकवतो. प्राध्यापक एका वेळी जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापक सहा आणि सहायक प्राध्यापक चार संशोधक घेऊ शकतात. त्यामुळे ‘जागा नाही’ हे उत्तर कित्येकदा खरेच असते. ते आपल्याविषयीचे मत मानू नये; दुसऱ्या मार्गदर्शकाकडे जावे.

मार्गदर्शकाखेरीज एक संशोधन सल्लागार समिती असते. दर सहामाहीस विद्यार्थ्याने तिच्यापुढे आपली प्रगती मांडायची असते. पुष्कळ विद्यार्थी या समितीला केवळ परीक्षा समजून घाबरतात. वस्तुतः ते विद्यार्थ्याचे संरक्षणही आहे. काम झाल्याची नोंद तेथे होते, आणि अडचण लेखी मांडण्याची ती योग्य जागा आहे. मार्गदर्शक आदरणीय खराच, पण पदवी विद्यापीठ देते, मार्गदर्शक देत नाही. त्याच्या घरची कामे करणे हा संशोधनाचा भाग नव्हे, हे विद्यार्थ्यांना आणि पालकांनाही ठाऊक असले पाहिजे.

बाबासाहेबांचे कोलंबियातील प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापकांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले. यालाच शिफारसपत्र म्हणतात. परदेशी प्रवेशासाठी अशी दोन-तीन पत्रे लागतात. त्यात वशिल्याचा भाग नाही. आपले काम जवळून पाहिलेल्या शिक्षकाने दिलेली ती साक्ष असते. म्हणून ती मागण्यात लाज नाही. मात्र मुदतीच्या महिनाभर आधी मागावीत.

छात्रवृत्ती, करार आणि खंड

छात्रवृत्तीवाचून गरिबाचे संशोधन होत नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड दिले. त्याबदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. अशा कराराला ‘बाँड’ म्हणतात. सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा.

आज कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती, म्हणजे जे.आर.एफ., नेट परीक्षेतून मिळते. २०२३ पासून ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये आहे. अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय छात्रवृत्ती, पुण्याच्या बार्टीची छात्रवृत्ती आणि परदेशी शिक्षणासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती याही आहेत. पीएच.डी.च्या प्रवेशासाठी एम.ए.ला ५५ टक्के गुण लागतात; अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांना त्यात पाच टक्के सवलत आहे. जातीचे प्रमाणपत्र आणि जातवैधता ही कागदपत्रे बी.ए.च्या वर्षांतच तयार ठेवावीत.

येथे बाबासाहेबांच्या चरित्रातील एक प्रसंग विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९१७ मध्ये छात्रवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना परतावे लागले. पण ते निघून गेले असे झाले नाही. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी त्यांनी मिळवली होती. मधल्या काळात सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. खंड आणि शेवट यांतला फरक एका लेखी परवानगीचा होता.

आजही पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहेत. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रियांना आणि ठराविक प्रमाणातील दिव्यांगांना त्यावर दोन वर्षांची जादा सवलत आहे, आणि बाळंतपणासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. लग्न झाले किंवा मूल झाले म्हणून संशोधन सोडलेल्या आपल्या माजी विद्यार्थिनींनी हे नियम एकदा वाचावेत.

प्रबंध, परीक्षक आणि मौखिकी

संशोधनाचे अंतिम लेखन म्हणजे प्रबंध. तो मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात. त्यांचे अहवाल अनुकूल आले की मौखिक परीक्षा, म्हणजे व्हायवा होते. अमेरिकेत हिलाच ‘डिफेन्स’, म्हणजे प्रबंधाचे समर्थन, म्हणतात. परीक्षकांचे उत्तर ‘स्वीकृत’ किंवा ‘अस्वीकृत’ एवढेच नसते; ‘दुरुस्त करून पुन्हा सादर करा’ असेही असते. या शब्दांनी खचून गेलेले संशोधक मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी एवढे सांगतो : रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केला, आणि १९२३ च्या आरंभी परीक्षकांनी तो दुरुस्तीसाठी परत केला. ते भारतात आले, तो सुधारला, पुन्हा पाठवला, आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाच्या पीएच.डी.चा ग्रंथ १९२५ मध्ये छापला गेला आणि पदवी १९२७ मध्ये प्रदान झाली. उशीर आणि दुरुस्ती हे विद्वत्तेचेच भाग आहेत.

कोणाकडे जावे

शेवटी पदांची ओळख. कुलपती हे सर्वोच्च पद असून आपल्या राज्य विद्यापीठांत ते राज्यपालांकडे असते. प्रत्यक्ष कारभार पाहतात ते कुलगुरू. कागदपत्रे आणि नोंदणी कुलसचिवांकडे, विद्याशाखेचे काम अधिष्ठात्यांकडे आणि रोजचे प्रश्न विभागप्रमुखांकडे. तक्रार असली तर ती खालून वर, लेखी आणि पोच घेऊन करावी. बहुतेक विद्यार्थी पोच घेत नाहीत आणि पुढे पुराव्यावाचून अडतात.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आपल्यापैकी जे विद्यापीठापर्यंत पोहोचले आहेत, त्यांनी वर्षातून एकदा शाळेत येऊन दहावीच्या मुलांना हे शब्द सांगावेत. पालकांनीही मुलीला वा मुलाला केवळ ‘पास झालीस का’ एवढेच विचारू नये. ‘तुझे मार्गदर्शक कोण, समितीची बैठक कधी, छात्रवृत्तीचा अर्ज भरला का’ असेही विचारावे. असे विचारायला पदवी लागत नाही, आणि घरात कोणी विचारणारे आहे हे कळल्यावर मुलाच्या पायाखालची वाट पक्की होते.